डॉक्टर रेडिओवर येणार असतील तर आधी रात्रीचं बोलूया



गेले काही दिवस आपल्याकडच्या डॉक्टर मंडळींत एक विषय चालू आहे. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांतले खाजगी डॉक्टर, एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळे धरून, लोकांसाठी आरोग्याचं काहीतरी प्रसारण सुरू करावं असं म्हणतायत. कुणाला स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र हवंय. कुणी म्हणतं एवढी भानगड कशाला, केबलवाल्याकडून आठवड्याला अर्धा तास घेऊ नि तेच यूट्यूबवर टाकू. बैठकीला मलाही बोलावलं होतं, "तुम्ही मीडियावाले, तुम्हाला यातलं कळतं" म्हणून. बैठकीचा निम्मा वेळ कार्यक्रमाचं नाव काय ठेवायचं यात गेला. माझं बोलणं राहिलं, ते इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

पहिल्यांदा हे सांगतो की कल्पना मला मनापासून आवडली. वीसेक वर्षं या दोन तालुक्यांच्या बातम्या लिहितोय. पावसाळा लागला की एक बातमी हमखास येते. चार ओळींची. अमुक पाड्यावरील महिलेचा सर्पदंशाने मृत्यू. पोलीस पाटलाचा फोन, आकस्मिक मृत्यूची नोंद, नाव, वय, संपलं. आवणीच्या दिवसांत येते, मग भातकापणीला पुन्हा येते. पेपरात ती आतल्या पानावर जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात भजी गुंडाळली जातात. यातले सगळे नाही, पण बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. त्यासाठी जे माहीत असायला हवं ते फार नाही, रेडिओवर पाच मिनिटांत सांगून होईल एवढं.

मण्यारीचं उदाहरण घ्या. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर गोधडी टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की झोपलेल्याला पुष्कळदा कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, मळमळतं, घसा धरल्यासारखा होतो. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, ओवा देतात. मग पापण्या खाली यायला लागतात, माणूस डोळे उघडू शकत नाही, जीभ जड होते. लोकांना वाटतं झोप येतेय किंवा बाहेरचं काही लागलंय. खरं तर तेव्हा श्वासाचे स्नायू बंद पडायला लागलेले असतात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नका, सरळ गाडीत घाला. हे वाक्य दर पावसाळ्यात रोज संध्याकाळी कुणी सांगितलं, तर मी लिहितो त्यातल्या काही बातम्या लिहाव्या लागणार नाहीत.

आता हे सांगायचं कुठल्या भाषेत? बैठकीत एका डॉक्टरांनी नमुना म्हणून संहिता वाचून दाखवली. 'सर्पदंश झाल्यास रुग्णाने विचलित न होता नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.' अहो, आमच्याकडे सर्पदंश होत नाही. पान लागतं. जनावर डसतं. रात्री सापाचं नावही घेत नाहीत. डोळखांबकडच्या पाड्यावरची ठाकर बाई, मुरबाडच्या डोंगराखालचा महादेव कोळी, कातकरी वाडीतला पोरगा, प्रत्येकाची बोली वेगळी. संपर्क साधायचा म्हणजे काय करायचं? फोन करायचा? रेंज नाही. तेव्हा पहिलं माझं म्हणणं असं की माइकपुढे डॉक्टर एकटा नको. बाजूला आशाताई पाहिजे. डॉक्टरने सांगायचं, तिने लगेच विचारायचं, "म्हणजे डॉक्टर, दोरी नाही बांधायची का?" गावात हा प्रश्न तिलाच विचारतात, त्यामुळे लोक कुठे अडतात हे तिला पाठ असतं. दोरी करकचून बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने ओढणं, हे सगळं अजून चालू आहे.

वेळेचंही तसंच. मंडळींना सकाळी अकराची वेळ सोयीची वाटते, ओपीडीतून पाच मिनिटं काढता येतात. पण अकराला ऐकणारी बाई शेतात वाकलेली असते. दिवाळी झाली की कातकऱ्यांच्या वाड्याच्या वाड्या भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्या पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे 'हिवाळा विशेष आरोग्यमाला' सुरू केलीत तर ती ऐकायला वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या. मृगाच्या आधी सुरू करा आणि संध्याकाळी साडेसातला ठेवा, चूल पेटलेली असते तेव्हा.

रेडिओ की यूट्यूब यावर बरीच खडाजंगी झाली, म्हणून थोडी माहिती देतो. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. तरी कम्युनिटी रेडिओ आधी फक्त शिक्षणसंस्थांना मिळाला. २००६च्या धोरणाने तो स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना खुला झाला. संस्था नफा न कमावणारी आणि निदान तीन वर्षं काम केलेली लागते. जाहिरातीला तासाला १२ मिनिटं मिळतात, पूर्वी सात होती. बातम्या लावायच्या तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा, म्हणजे माझ्यासारख्याचं तिथे काही काम नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशीच्या बायकांचं केंद्र २००८पासून चालू आहे. त्याच वर्षी तेलंगणातल्या झहीराबादजवळ संघम रेडिओ सुरू झाला, तो दलित शेतकरी बायका चालवतात. तेव्हा आपल्याला जमणार नाही असं म्हणायचं कारण नाही.

पण आपली अडचण सह्याद्री आहे. कम्युनिटी रेडिओला साधारण १०० वॅटची ताकद मिळते आणि मनोरा ३० मीटरचा. सपाट मुलखात हे दहा-पंधरा किलोमीटर जाईल. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. शहापुरात मनोरा उभा केला तर आसनगाव, वाशिंदला खणखणीत ऐकू येईल, आणि तिथल्या माणसाला त्याची गरज सगळ्यात कमी, कारण तो लोकल पकडून कल्याण-ठाण्याला जाऊ शकतो. डोळखांबच्या पलीकडे, कसाऱ्याच्या खोबणीत, मुरबाडकडे धसई, टोकावडे, वैशाखऱ्याच्या पाड्यांवर, जिथे खरी गरज तिथे खरखर. यूट्यूबला डोंगराचं वावडं नाही पण त्याला नेट लागतं, आणि आपलं नेट कसं आहे ते धसईला विचारा. २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून टीव्हीवर झळकलं होतं.

म्हणून मला एक जुनी गोष्ट आठवली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना परीक्षेपुरती वाचली होती, आता वाटतं आपल्यासाठीच होती. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर, पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे. कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र ऐकायचा आणि ऐकून झाला की उठायचं नाही, त्यावर बोलायचं, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचं. निमंत्रकाने लोकांच्या शंका लिहून केंद्राला कळवायच्या, उत्तरं पुढे रेडिओवर. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांना शेवटी बाकीच्या गावांपेक्षा बरंच जास्त कळलेलं होतं, असं पाहणीत निघालं. नंतर हे देशभर न्यायचं ठरलं आणि हळूहळू विरून गेलं, आपल्याकडे जातं तसं.

रेडिओच्या पेटीने ते काम केलं नाही, पेटीसमोरच्या वीस माणसांनी केलं. आज तेवढं करायला मनोराही लागत नाही. पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर आशाताईकडे द्या, ती ग्रामपंचायतीच्या नाहीतर देवळाच्या स्पीकरवर लावेल, बचत गटाच्या बैठकीत लावेल. लोकांचे प्रश्न तिच्याच मोबाइलवर रेकॉर्ड होऊन पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे येतील. म्हशाच्या यात्रेत बैल बघायला अख्खा तालुका लोटतो, तिथे एक मांडव टाका. केंद्राचा परवाना येईल तेव्हा येईल. अर्थात आशाताईला याचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. तिच्यावर फुकट कामाचं ओझं टाकायची सगळ्यांना सवय लागलीय, डॉक्टरांनी त्यात भर घालू नये.

आता जरा नाजूक बोलतो.

बैठकीत दोन-तीन जणांचा रोख असा होता की कार्यक्रमात प्रत्येक डॉक्टरचं नाव, दवाखान्याचा पत्ता, फोन आणि 'आमच्याकडे उपलब्ध सुविधा' यायला हव्यात. खर्च आपण करायचा तर मग का नको, असा हिशोब. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या मी जवळून बघितल्यात. वर डॉक्टरचा फोटो, खाली लेख, आणि लेखाच्या बाजूला त्याच डॉक्टरची जाहिरात. लेख कुणी वाचत नाही, पुरवणीचा धंदा मात्र होतो. आता नियम काय सांगतो? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे. स्वतःची जाहिरात होईल किंवा पेशंट ओढले जातील असे लेख, अशा मुलाखती डॉक्टरने द्यायच्या नाहीत. पण सार्वजनिक आरोग्यावर, स्वच्छ राहणीवर स्वतःच्या नावाने लिहायला, व्याख्यान द्यायला, रेडिओ-टीव्हीवर बोलायला पूर्ण मोकळीक. म्हणजे नाव सांगा, विषय सांगा, दवाखान्याची पाटी घरी ठेवा. ही आचारसंहिता अॅलोपॅथीवाल्यांची आहे, पण कार्यक्रम एक असेल तर रेघ सगळ्यांना एकच बरी. शिवाय १९५४चा एक कायदा आहे, कॅन्सर, मधुमेह, मूल न होणं अशा आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिरातींना बंदी घालणारा. तरी केबलवर रात्री अकरानंतर काय चालतं ते आपण सगळे बघतो. त्याच चॅनेलवर, त्या बाबाच्या चूर्णाच्या आधी नि नंतर, तुमचा अर्धा तास असणार. स्लॉट घेताना हे विचारून घ्या.

भगताबद्दलही बोलणं निघालं, आणि सूर असा की रेडिओवरून त्याला उघडं पाडायचं. थांबा जरा. कायदा आहेच. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. पण पाड्यावर रात्री जागा असणारा, हाकेला ओ देणारा माणूस तोच असतो. त्याला शिव्या घालणारा कार्यक्रम पाड्यावर एकदा लावतील, दुसऱ्यांदा बंद करतील. त्यापेक्षा त्याला माइकवर आणा आणि त्याच्याच तोंडून वदवा की मंत्र म्हणायचाय तर जीपमध्ये बसून म्हणतो, पण जीप आधी निघू द्या. असं म्हणणारा भगत मला माहीत आहे. फार नसतील असे, पण एक मिळाला तरी दहा डॉक्टरांचं काम करेल.

आणि जे मला खरं बोलायचं होतं ते आता. तुम्ही रेडिओवरून सांगणार, वेळ घालवू नका, लगेच दवाखान्यात या. माणूस आला. रात्री दोन वाजता आला. झोळी करून पाड्यावरून रस्त्यापर्यंत आणला, मग कुणाच्यातरी पिकअपमध्ये टाकून तालुक्याला आणला. पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी भातकापणीत अशा एका बाईच्या माणसांशी मी बोललो होतो. दवाखान्यांची नावं लिहीत नाही, कारण प्रश्न एका पाटीचा नाही. पहिल्या ठिकाणी शटर बंद. दुसऱ्या ठिकाणी वरच्या मजल्यावरचा दिवा लागला नि विझला. तिसऱ्या ठिकाणी कंपाउंडर म्हणाला, इथे होणार नाही, पुढे न्या. पुढे कुठे, ते सांगितलं नाही. बाई गेली. तिची सासू मला म्हणाली, "आमी येल नाय घालवला, दादा. आमी दारंच वाजवत व्हतो." या बाईला तुम्ही रेडिओवर काय सांगणार?

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे. सापाचा पेशंट दगावला तर पन्नास माणसं दवाखाना फोडायला येतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१०चा कायदा आहे, पण तो दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो, रात्री दोनला नाही. एकट्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर नसतो. लसीच्या दहा-दहा कुप्या एका वेळी लागतात, त्या सांभाळून ठेवणं परवडत नाही. लसीची उलटी प्रतिक्रिया आली तर ती आवरायला माणूस लागतो. हे सगळं खरं. म्हणून प्रत्येक खाजगी डॉक्टरने सापाचा पेशंट घ्यावा असं मी म्हणतच नाही.

पण मग रेडिओवर हे तर सांगता येईल ना, की आज रात्री कुठे जायचं? सरकारी लस फुकट असते. आज कुठल्या रुग्णालयात लस शिल्लक आहे, ड्युटीवर डॉक्टर आहे, १०८ कुठे उभी आहे. संध्याकाळी साडेसातला, कार्यक्रमाच्या शेवटी, दोन मिनिटं. त्यासाठी रोज संघटनेतल्या एका माणसाने सरकारी दवाखान्यांत फोन करायचा आणि खात्री करून घ्यायची. हवामानाचा अंदाज सांगतात तसं सांगायचं. मी हे बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "हे आपल्या अखत्यारीत येत नाही, आणि लस नसली तर काय सांगायचं?" लस नसली तर नाही म्हणून सांगायचं! दोन दिवस सलग तसं सांगितलंत तर तिसऱ्या दिवशी ती येईल, एवढी ताकद आवाजात असते. नेमकी त्याचीच भीती वाटत असावी.

दुसरं, मधल्या टप्प्यावर जे करता येतं ते. छोट्या दवाखान्यातसुद्धा काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवता येतं. गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष चढलंय. एवढं चिठ्ठीवर लिहून, वेळ टाकून, पुढच्या डॉक्टरला फोन करून पेशंट पाठवला, तर ते 'पुढे न्या' आणि हे 'पुढे पाठवतोय' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. श्वास कमी पडत असेल तर अँब्यू बॅग दाबत बरोबर जाणारा एक माणूस लागतो. दोन तालुक्यांतल्या मंडळींनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या तर महिन्यातून एकदा एकाची पाळी येईल.

हे जमतं का? जमलेलं आहे. रायगडात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. कोकणातल्या लाल विंचवाने माणसं मरत होती आणि पुस्तकात इलाज नव्हता. ते रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसले, नोंदी ठेवल्या, १९८२ साली त्यांचं लिखाण 'लॅन्सेट'मध्ये आलं, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यांनी वापरून दाखवलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्या आणखी जवळचं सांगतो. माळशेज चढून गेलं की जुन्नर तालुका. तिथे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत खाजगी दवाखाना चालवून वर्षानुवर्षं सर्पदंशाचे पेशंट बघतायत, गावोगाव जाऊन लोकांना सांगतायत. त्यांच्या बोलण्याला वजन का आहे? कारण ऐकणाऱ्याला माहीत असतं, रात्री यांच्याकडे गेलं तर दार उघडतं.

केंद्र सरकारनेही २०२४मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणून, आणि त्याच वर्षी राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा. कागद चांगला आहे. तो पाड्यावर कोण वाचून दाखवणार, एवढाच प्रश्न.

पुढची बैठक रविवारी आहे आणि मला परत बोलावलंय, म्हणजे अजून रागावलेले नाहीत. मी दोन गोष्टी घेऊन जाणार आहे. एक, रात्रीच्या पाळ्यांचा कोरा तक्ता. पहिलं नाव लिहायला एक तरुण डॉक्टर तयार झालाय, मुरबाडकडचा, त्याने मला तसा निरोप दिलाय, दुसरं नाव शहापूरचं हवंय. आणि दुसरी गोष्ट तुमच्याकडून पाहिजे. मण्यार, घोणस, फुरसं, नाग यांना तुमच्या पाड्यावर, तुमच्या घरात काय म्हणतात ते मला कळवा. आजीला विचारून सांगितलंत तर फार बरं. दिवसाउजेडी विचारा, रात्री ती नाव घेणार नाही.